जुन्या गोधडीची नवी प्रत : पाठनिश्चितीचा एक प्रश्न

1

एखाद्या जुन्या वस्तूची प्रत तयार करणे हे काम सामान्यतः हस्तकौशल्याच्या सदरात टाकले जाते. प्रत मुळाशी जुळली म्हणजे करणाराचा हात चांगला, न जुळली म्हणजे कच्चा, इतकाच निवाडा तिच्याविषयी दिला जातो. समीक्षेच्या दृष्टीने तीत विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. जुन्या ग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध करणाऱ्या पंडिताविषयी मात्र असे कोणी म्हणत नाही. त्याने कोणता पाठ स्वीकारला, कोणता नाकारला आणि का, हे प्रश्न विद्वत्तेचे मानले जातात. वस्तुतः जुनी गोधडी पुढे ठेवून तिची प्रत शिवावयास बसलेल्या स्त्रीसमोर याच जातीचे प्रश्न पावलोपावली उभे राहतात. ती जे ठरविते ते टाक्यांत उतरते, एवढाच काय तो भेद. अमेरिकेतील दोन प्रसिद्ध गोधड्या व त्यांच्या प्रती यांच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार कर्तव्य आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी घरातील गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरून धावदोऱ्याने एकजीव केलेले पांघरूण. अमेरिकेत ज्यास क्विल्ट म्हणतात त्याची रचना काहीशी निराळी असते. वरचा पदर लहान लहान कापलेल्या तुकड्यांच्या जोडणीतून किंवा एका कापडावर दुसऱ्या कापडाचे आकार शिवून सिद्ध होतो. मध्ये कापसाची किंवा लोकरीची भर असते, खाली अस्तर असते, आणि हे तिन्ही थर बारीक टाक्यांनी सांधलेले असतात. आपल्याकडे जीर्ण झालेल्या गोधडीची प्रत करण्याची रीत नाही. ती बहुधा नव्या गोधडीच्या पोटात भर म्हणून जाते. मूळ वस्तू अशा रीतीने नव्या वस्तूच्या अंगात मिसळून जाते व तिच्या अस्सलपणाचा प्रश्नच उद्भवत नाही. तो उद्भवतो तो गोधडी संग्रहालयात गेल्यानंतर. एकदा ती काचेआड गेली की तिला पांघरता येत नाही, तिच्यावर नवा थर चढविता येत नाही. तिच्याशी हाताचे नाते ठेवावयाचे तर प्रत करणे हा एकच मार्ग उरतो.

2

व्हरमाँट राज्यातील शाफ्ट्सबरी गावची जेन ए. स्टिकल (1817–1896) हिने 1863 साली पुरी केलेली गोधडी बेनिंग्टन येथील संग्रहालयात आहे. या गोधडीत तेरा ओळींत प्रत्येकी तेरा याप्रमाणे 169 चौकोन आहेत. प्रत्येक चौकोन जेमतेम तळहाताएवढा, आणि प्रत्येकाची आकृती निराळी. सभोवार 52 त्रिकोणांची किनार, चार कोपऱ्यांवर चार स्वतंत्र आकृती, आणि कडेला कमानीसारखी कातरण. एका कोपऱ्यात एक लहानसा लेख आहे. युद्धकाळात केलेली, साल 1863, तुकडे 5602, आणि शेवटी करणारीचे नाव, एवढाच त्याचा आशय. नाजूक अवस्थेमुळे व प्रकाशाने रंग उडण्याच्या भीतीमुळे ही गोधडी वर्षातील मोजकेच दिवस लोकांसमोर मांडली जाते.

आज ही गोधडी जगभर ओळखली जाते ती मुख्यतः तिच्या प्रतींमुळे. ब्रेंडा पापाडाकिस या अमेरिकन अध्यापिकेने अनेक वर्षे खपून तिच्या सर्व 225 आकृती कागदावर आखल्या आणि 1996 मध्ये ‘डिअर जेन’ या नावाने ते पुस्तक प्रसिद्ध केले. ओळींना अक्षरे व स्तंभांना आकडे देऊन तिने प्रत्येक चौकोनास ठिकाण दिले, शिवाय एकेक नावही दिले. ही नावे जेनची नव्हेत. जेनने आपल्या आकृतींना काही म्हटले असल्यास ते तिच्याबरोबरच गेले. पुढे हजारो शिवणाऱ्यांनी या पुस्तकावरून आपापल्या प्रती केल्या. यांपैकी बहुतेकींनी मूळ गोधडी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्यापुढे होते ते एका मध्यस्थ वाचकाने सिद्ध केलेले संशोधित रूप.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकास ही परिस्थिती परिचयाची वाटेल. मूळ हस्तलिखित एकच, तेही दुर्मिळ. त्यावरून एका संपादकाने केलेली मुद्रित आवृत्ती. आणि पुढील साऱ्या वाचनाचा आधार ती आवृत्ती. संपादकाने कोठे काय सरळ केले हे ठाऊक नसेल तर वाचक संपादकालाच ग्रंथकार समजून बसतो. कापडात जी कड किंचित तिरपी झालेली असते ती कागदावर पट्टीने आखताना सहजच सरळ होते. जेथे दोन टोके नेमकी भेटत नाहीत तेथे ती भेटविली जातात. हा दोष संपादिकेचा म्हणता येणार नाही. नमुना आखणे म्हणजेच अनेक शक्य आकारांतून एक आकार निवडणे. तथापि निवड झाली आहे ही गोष्ट पुढच्या वाचकाने विसरता कामा नये.

3

प्रत शिवणारीपुढील पहिला प्रश्न रंगाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छापलेल्या सुती कापडांतील सर्व रंग सारखे टिकाऊ नव्हते. निळ्यावर पिवळा चढवून केलेल्या हिरव्यातील एक रंग आधी उडतो आणि दुसरा मागे राहतो, त्यामुळे मूळचे हिरवे पान आज निळसर किंवा पिवळट दिसते. त्या काळचे जांभळे रंग पुष्कळदा तपकिरीकडे झुकतात. लोहाच्या क्षारांनी बसविलेले तपकिरी व काळे रंग तर ज्या धाग्यावर बसले त्यालाच खातात, आणि काही वर्षांनी त्या ठिकाणी कापड विरून केवळ टाके उरतात. उलटपक्षी मंजिष्ठेचा जो लाल रंग तुर्की लाल म्हणून ओळखला जाई तो शंभर वर्षांनीही तेजस्वी राहतो. म्हणजे जुन्या गोधडीत आज दिसणारी रंगसंगती ही करणारीने योजलेली रंगसंगती नव्हे. काळाने त्या संगतीतील काही स्वर मंद केले, काही पुसले, काही तसेच राहू दिले.

मग प्रत कशाची करावयाची? आज दिसते त्या गोधडीची, की 1863 मध्ये दिसत असेल त्या गोधडीची? येथे तीन मार्ग संभवतात. पहिला, आजच्या अवस्थेची मुळाबरहुकूम नक्कल. हिच्यात फिका पडलेला हिरवा फिकाच घ्यावयाचा. दुसरा, मूळ अवस्थेची पुनर्रचना. हिच्यात शिवणीच्या आत दुमडून राहिलेल्या, प्रकाश न लागलेल्या कडेवरून किंवा त्या काळच्या इतर कापडांवरून मूळ रंगाचे अनुमान करावयाचे. तिसरा, आकृती ठेवून रंग स्वतःचे घ्यावयाचे. वाङ्मयाच्या भाषेत हे अनुक्रमे लिप्यंतर, संशोधित संहिता आणि रूपांतर होत. तिन्ही मार्ग आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो एक मार्ग पत्करून दुसऱ्याचे नाव सांगितले म्हणजे.

असा घोटाळा वारंवार घडतो. जुन्या नमुन्यांवरून छापलेली कापडे बाजारात मिळतात. पुष्कळदा त्यांतील रंग मूळच्या ताजेपणाचे नसून आज आपल्याला ‘जुने’ वाटतील असे मंदावलेले असतात. काही जणी तयार गोधडी चहाच्या पाण्यात बुडवून तिला पिवळट छटा आणतात, आणि ती धुऊन भरीचा कापूस आटवतात, म्हणजे पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. यातून निर्माण होते ते 1863 चे रूपही नव्हे आणि आजचे रूपही नव्हे. ते जुनेपणाविषयीच्या आपल्या हळव्या कल्पनेचे रूप होय. जेनच्या हातातील गोधडी जुनी नव्हती. ज्या दिवशी तिने शेवटचा टाका घातला त्या दिवशी ती नवी आणि भडक होती. जुनेपणाचे सोंग आणणारी प्रत नेमकी हीच गोष्ट झाकते.

4

दुसरा प्रश्न साधनांचा व पद्धतीचा. फिरत्या चाकाची कापणी 1979 मध्ये जपानात निघाली आणि तुकडे कापण्याचे काम पूर्वीपेक्षा किती तरी जलद व अचूक झाले. कागदाच्या पायावर यंत्राने शिवण घालण्याची पद्धत वापरली असता अतिशय अरुंद टोकेही काटेकोर येतात. जेनचे टोक जेथे बोथट झाले आहे तेथे आजच्या प्रतीतील टोक सुईसारखे असते. ही सुधारणा नव्हे काय, असे कोणी विचारील. कौशल्याच्या दृष्टीने ती सुधारणा असेलही. परंतु वाचनाच्या दृष्टीने तिने एक माहिती नष्ट केलेली असते. अमुक आकृती हाताने, कात्रीने आणि शिल्लक कापडातून करणे किती कठीण होते, ही ती माहिती. जेथे टोक बोथट झाले तेथे करणारीने आपल्या सामर्थ्याच्या सीमेवर पाऊल टाकलेले असते. प्रतीत ती सीमाच दिसेनाशी होते.

याच्या उलट दुसरा आग्रहही तितकाच तपासून घ्यावयास हवा. काही जणी मुळातील प्रत्येक चूक जशीच्या तशी उतरविण्यात निष्ठा मानतात. परंतु मुळातील चूक आणि प्रतीतील तीच चूक या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली अनवधानाने किंवा अडचणीने झाली, दुसरी मुद्दाम मोजून केली गेली. चुकीचा आकार उतरला, तिचे कारण उतरले नाही. जी कड जेनच्या हातून सहज तिरपी झाली तीच कड तिरपी करण्यासाठी प्रत करणारीला पट्टी व कोनमापक घ्यावे लागतात. नकलेतील अशी सावध चूक पाहणाऱ्यास फसवू शकते, म्हणून तिचेही निवेदन आवश्यक ठरते.

तिसरा प्रश्न संख्येचा. जेनने आपल्या लेखात तुकड्यांची संख्या मोजून लिहिली आहे. हा आकडा म्हणजे केवळ गोधडीविषयीची माहिती नव्हे, तो गोधडीच्या संहितेचाच एक भाग आहे. आपण केलेल्या कामाचे मोजमाप करणारीने स्वतः सांगितले आणि ते सालाच्या व युद्धाच्या शेजारी ठेवले. प्रत करताना सोयीसाठी दोन तुकड्यांच्या जागी एक घेतला, किंवा एकाचे दोन केले, तर प्रथमदर्शनी काही बिघडत नाही. रंग एकच असेल तर डोळ्याला फरकही कळत नाही. पण मग कोपऱ्यात 5602 हा आकडा उतरविणे असत्य होते. संहितेचे एक विधान संहितेच्याच दुसऱ्या भागास खोटे पाडू लागते.

आणि शेवटचा प्रश्न त्या लेखाचाच. उत्तर व दक्षिण यांच्यातील युद्ध 1861 च्या एप्रिलमध्ये सुरू झाले होते. 1863 च्या जुलैमध्ये गेटिसबर्ग येथे व्हरमाँटच्या पलटणी लढल्या. दक्षिणेचा कापूस उत्तरेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि सुती कापड महाग झाले होते. अशा वेळी एका शेतकरी स्त्रीने हजारो तुकडे कापून जोडावेत आणि त्याखाली ‘युद्धकाळात’ असे लिहावे, यात जो अर्थ आहे तो त्या सालापासून वेगळा करता येत नाही. प्रत करणारीने हे शब्द तसेच शिवले तर ती आपल्या नव्या कापडावर दुसरीचा काळ लिहिते. ते गाळले तर मुळातील सर्वांत बोलका भाग गळतो. यावर एकच प्रामाणिक उपाय दिसतो. मूळ लेखाचा उल्लेख जेनच्या नावासह करावा, आणि त्याशेजारी आपले नाव, आपले साल व आपण कोणत्या नमुन्यावरून काम केले हे लिहावे.

5

हा उपाय म्हणजे औपचारिक शिष्टाचार आहे असे वाटण्याचा संभव आहे. त्यामागे किती गंभीर गोष्ट आहे हे दुसऱ्या एका गोधडीच्या इतिहासावरून स्पष्ट होईल.

ज्या वर्षी जेन स्टिकल आपले तुकडे मोजीत होती त्या वर्षी जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स (1837–1910) ही गुलामगिरीत होती. उत्तरेच्या सुतात ज्यांचे श्रम गुंतलेले होते त्या लोकांपैकी ती एक. युद्धानंतर मुक्त झालेल्या या स्त्रीने 1885–86 च्या सुमारास बायबलमधील प्रसंगांची एक गोधडी शिवली. अकरा चौकटी, त्यांत कापून शिवलेल्या माणसांच्या, पशूंच्या व ताऱ्यांच्या आकृती. हाताचे टाके आणि यंत्राचे टाके दोन्ही. 1886 मध्ये अथेन्स येथील कापसाच्या जत्रेत ती मांडली गेली असता जेनी स्मिथ या चित्रकार शिक्षिकेने ती विकत मागितली. पॉवर्सने ती देण्याचे नाकारले. पुढे काही वर्षांनी घरची ओढाताण वाढली तेव्हा ती स्वतःच गोधडी घेऊन आली. तिने दहा डॉलर मागितले, पदरी पाच पडले. मात्र गोधडी देण्यापूर्वी तिने प्रत्येक चौकटीत काय आहे हे सांगितले आणि स्मिथने ते लिहून ठेवले. विकल्यानंतरही ती आपली गोधडी पाहावयास अनेकदा येत असे. आज ही गोधडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रही आहे.

1992 च्या सुमारास या संस्थेने आपल्या संग्रहातील काही गोधड्यांच्या प्रती करण्याचा परवाना एका व्यापारी कंपनीस दिला. पॉवर्सची गोधडी त्यांत होती. प्रती चीनमध्ये शिवल्या गेल्या आणि अमेरिकेत टपालाच्या सूचिपत्रांतून काही शे डॉलरांना विकल्या जाऊ लागल्या. देशभरच्या शिवणाऱ्यांनी याविरुद्ध मोठा निषेध केला, सह्यांची निवेदने पाठविली, आणि पुढे काही काम अमेरिकेतील शिवणाऱ्या गटांकडे देण्यात आले.

या वादात अनेक युक्तिवाद एकमेकांत मिसळले होते, ते सुटे करणे इष्ट आहे. प्रती परक्या देशात झाल्या हा आक्षेप व्यापाराच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे. समीक्षेच्या दृष्टीने तो दुबळा आहे. चिनी स्त्रीचा टाका अमेरिकन स्त्रीच्या टाक्याहून कमी प्रामाणिक असतो असे मानण्यास आधार नाही. प्रती स्वस्त होत्या हा आक्षेपही तसाच. स्वस्त छापील आवृत्तीने ग्रंथाचे काही बिघडत नाही. खरा आक्षेप निराळा आहे. पॉवर्सची गोधडी ही तिच्या निवेदनासह पूर्ण होती. तिने सांगितलेला अर्थ चौकटींपासून तोडून केवळ आकृती पलंगपोसावर आल्या तेव्हा कथनाची नक्षी झाली. जिने गरजेपोटी पाच डॉलरांना आपली वस्तू दिली आणि देताना आपले म्हणणे मागे ठेवण्याची दक्षता घेतली, तिचे म्हणणेच या प्रतीतून गळले. दुसऱ्या बाजूस ज्या हातांनी या प्रती शिवल्या त्यांची नावेही कोणास कळली नाहीत. बाजारी मालावर शिवणाराचे नाव असत नाही. म्हणजे मुळाची कर्ती आणि प्रतीची कर्ती या दोघींचाही लोप होऊन मध्ये फक्त वस्तूचे साम्य उरले.

येथे एक प्रतिवाद विचारात घेणे न्याय्य ठरेल. गोधडीची परंपराच मुळी नमुन्यांच्या देवघेवीवर उभी आहे. शेजारणीचा नमुना पाहून आपला चौकोन करावा, त्यात फेरफार करावा, आणि कोणी कोणास श्रेय मागू नये, असाच तिचा प्रवाह चालत आला. मग नावाचा एवढा आग्रह कशास? याचे उत्तर असे की शेजारणी एकमेकींस ओळखत होत्या. नाव लिहिलेले नव्हते, पण ते ठाऊक होते. ज्या क्षणी प्रत त्या ओळखीच्या वर्तुळाबाहेर जाते त्या क्षणी तोंडी ठाऊक असलेली गोष्ट लिहून ठेवण्याची जबाबदारी तिच्यावर येते. आणि जेन व हॅरिएट या दोघींनी आपले नाव, आपले साल, आपला अर्थ मागे ठेवण्याचा यत्न केला आहे. त्यांच्या बाबतीत अनामिकतेची परंपरा पुढे करणे म्हणजे त्यांनी स्वतः उच्चारलेला शब्द पुसणे होय.

6

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादनाची पद्धती मुख्यतः वि. सी. सुखठणकर यांनी घालून दिली. त्या आवृत्तीत एक साधी सोय आहे. संहितेतील जो पाठ संपादकास कमी निश्चित वाटला त्याच्याखाली नागमोडी रेघ आहे, आणि नाकारलेले पाठभेद पृष्ठाच्या तळाशी दिले आहेत. त्या रेघेने संहितेची शोभा वाढत नाही. वाचकाचा विश्वास वाढतो. येथपर्यंत हस्तलिखितांचा आधार आहे आणि येथून पुढे संपादकाची निवड आहे, हे ती रेघ सांगते.

गोधडीची प्रत करणारीपाशीही अशी रेघ असावयास हवी. ती कापडावरच काढली पाहिजे असे नाही. पाठीमागच्या अस्तरावर शिवलेल्या चिठ्ठीत, सोबतच्या वहीत, किंवा कोपऱ्यातल्या चार शब्दांत ती येऊ शकते. हा हिरवा अनुमानाने घेतला. हे टोक मुळापेक्षा तीक्ष्ण आहे. हा चौकोन मुळावरून नव्हे, छापील नमुन्यावरून केला. येथे दोन तुकड्यांचा एक झाला, म्हणून मुळातील आकडा येथे लागू नाही. एवढे सांगितले की रंग बदललेली प्रतसुद्धा विश्वासार्ह होते. न सांगितले तर टाक्यास टाका जुळलेली प्रतही पाहणाऱ्यास फसविते.

जुन्या गोधडीच्या प्रतीचे मूल्यमापन केवळ साम्यावर करणे म्हणूनच अपुरे आहे. साम्य हे तिचे आरंभीचे लक्षण. प्रत करणारी प्रत्येक चौकोनापुढे थांबते, मूळ करणारीने येथे काय केले असेल आणि का, हे स्वतःस विचारते, आणि मग सुई चालविते. 169 वेळा असे थांबणे हे वाचनच आहे, व ते पुष्कळ ग्रंथवाचनाहून अधिक मंद व अधिक सावध आहे. त्या वाचनाचा निष्कर्ष तिने आपल्या नावावर घ्यावा आणि मुळाचे नाव मुळापाशी राहू द्यावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. बेनिंग्टनच्या त्या कोपऱ्यात जेन स्टिकलने चार गोष्टी लिहिल्या : प्रसंग, साल, संख्या आणि नाव. प्रत करणाऱ्या प्रत्येकीने त्या चारही गोष्टी स्वतःच्या लिहाव्यात.